किल्ल्यावरचा हिरवा शिपाई

१/
१९८४ च्या दिवाळीत साताऱ्यात, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी असलेल्या आमच्या वाड्याच्या अंगणात आम्ही मुलांनी रायगड बांधला. विटांचे तुकडे, पोती, लाल मातीचा गारा, उतारावर पेरलेली मोहरी. कुंभाराकडून आणलेले महाराज सिंहासनावर, भालाईत मावळे महादरवाजावर. आणि टकमक टोकावर, एक गुडघा टेकून, खांद्यावर नळकांडे घेतलेला हिरवा प्लॅस्टिकचा शिपाई. ते नळकांडे म्हणजे बझूका. रायगडाच्या रक्षणासाठी अमेरिकन पायदळाचा रणगाडाभेदी जवान सज्ज होता आणि त्यात कोणालाही काही वावगे वाटत नव्हते.

२/
दिवाळीचा किल्ला केलेल्या अनेकांच्या स्मरणात असा एखादा परका शिपाई असतो. हा धागा त्याच्याविषयी आहे. तो कोण होता, कोठून आला, आणि चाळीस वर्षांनी त्याचा माग काढायचा तर कसा काढावा? बालपणीचे खेळणे शोधणे हा हळव्या मनाचा छंद वाटेल. प्रत्यक्षात त्याला नाणी, शिलालेख आणि पोथ्या वाचणाऱ्यांची शिस्त लागते. ती मला फार उशिरा कळली.

३/
माझ्याकडे असे पाच शिपाई होते. बझूकावाला, पोटावर आडवा झालेला बंदूकधारी, पाठीवर बिनतारी यंत्र असलेला, भूसुरुंग शोधणारा, आणि हातात पिस्तूल घेतलेला अधिकारी. ते मामाने आणले होते. मामा व्यापारी जहाजावर नोकरीला. घरच्या भाषेत 'बोटीवर'. वर्ष-दीड वर्षाने येई, खिशातून कागदाची पुडी काढी आणि "लांबून आणलेत, जपून खेळा" एवढेच म्हणे. त्या 'लांबून'चे आम्ही आमच्यापुरते भाषांतर केले: अमेरिका. पुढे तेच घराण्याचे अधिकृत मत झाले. आलेल्या-गेलेल्याला ते शिपाई 'अमेरिकेचे' म्हणून दाखवले जात.

४/
मामा गेला. वाडा उतरवायची वेळ आली तेव्हा माळ्यावरच्या एका डालड्याच्या डब्यात पाचांपैकी एकच सापडला, बझूकावाला. डाव्या हाताचा अंगठा नाही, बैठकीची एक कड किंचित टवकलेली. उरलेले चार कोठून तरी मिळवावेत, अगदी तसेच, एवढीच इच्छा होती. परंतु 'अगदी तसेच' म्हणजे कसे, हे सांगता येईना. ज्याला आपण ओळखतो असे वाटत होते त्याची कुळकथा मला ठाऊक नव्हती.

५/
पहिला धक्का आठवणीनेच दिला. माझ्या स्मरणात तो शिपाई हाताच्या पंजाएवढा होता. मोजला तर ५१ मिलिमीटर भरला. बैठकीखाली इंग्रजी अक्षरे होती असे मी शपथेवर सांगितले असते. बैठक कोरी निघाली. मराठ्यांचा इतिहास वाचणाऱ्यांना हा प्रकार परिचित आहे. बखर लबाडीने लिहिलेली नसते, पण ती घटनेनंतर, कोणाच्या तरी प्रेमापोटी लिहिलेली असते. म्हणून बखरीशेजारी समकालीन कागद ठेवून पाहावा लागतो. माझ्याजवळ कागद एकच होता, आणि तो प्लॅस्टिकचा होता.

६/
आता थोडा मागचा इतिहास. अठराव्या शतकात न्यूरेंबर्ग परिसरातील कारागीर कथलाचे चपटे शिपाई ओतत. पुढे जर्मनीत भरीव, जड शिपाईही होऊ लागले, आणि ते महाग असत. १८९३ साली लंडनच्या विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्याने एक सोपी युक्ती आणली. वितळलेला शिशाचा रस साच्यात ओतायचा आणि कडेचा थर गोठताच मधला रस उलटून बाहेर काढायचा. शिपाई आतून पोकळ. धातू कमी, वजन कमी, किंमत कमी. ५४ मिलिमीटर उंचीचा हा ब्रिटिश शिपाई जगभर इतका पसरला की आजही खेळण्यातील शिपायांचे 'प्रमाण माप' म्हणून हाच आकडा सांगितला जातो. तो लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

७/
या शिपायांनी खऱ्या इतिहासातही लुडबुड केली आहे. चर्चिल यांनी आत्मचरित्रात लिहिले आहे की त्यांच्याकडे सुमारे दीड हजार शिपायांचे सैन्य होते आणि ते पाहूनच वडिलांनी त्यांना लष्करात घालायचे ठरवले. (हेच चर्चिल १८९६ साली मुंबईच्या ससून डॉकवर उतरताना खांदा निखळवून बसले, पण तो विषय वेगळा.) एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली 'लिटल वॉर्स' या पुस्तकात दिवाणखान्याच्या जमिनीवर खेळायच्या युद्धाचे नियम सांगितले. पुढच्याच वर्षी खरे महायुद्ध पेटले.

८/
प्लॅस्टिकच्या शिपायाचा जन्मही युद्धाशी जोडलेला आहे. १९३३ साली इंग्लंडमधील विनिंग्टन येथे आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत अतिउच्च दाबाखाली एथिलीनवर प्रयोग चालू असताना भांड्यात मेणासारखा पांढरा पदार्थ उरला. ते पॉलिथीन. दुसऱ्या महायुद्धात रडारच्या तारांवर आवरण घालण्यासाठी त्याचा उपयोग झाला. युद्ध संपले, लष्करी मागणी ओसरली, आणि हा स्वस्त, लवचिक, न फुटणारा पदार्थ बादल्या, बाटल्या व खेळणी यांच्या वाटेला आला. रडारच्या तारेवरचे आवरण खेळण्यातील शिपायाचे शरीर झाले.

९/
अमेरिकेत प्लॅस्टिकचे शिपाई १९३८ पासूनच दिसू लागले होते, पण खरा पूर आला तो १९५० च्या दशकात. ब्रिटनमध्ये शिल्पकार रॉय सेल्विन-स्मिथ यांनी 'हेराल्ड' या नावाने विकल्या गेलेल्या प्लॅस्टिकच्या शिपायांना जे सौष्ठव दिले ते पाहून ब्रिटन्स कंपनीने तो व्यवसायच आपल्यात सामावून घेतला. शिसे आणि शिशाचा रंग मुलांच्या पोटात जातो ही काळजी वाढत होती, कायदे कडक होत होते. १९६६ साली ब्रिटन्सने शिशाचे शिपाई बंद केले. सुमारे त्र्याहत्तर वर्षांची धातूची परंपरा तेथे थांबली.

१०/
आता या धाग्याचा गाभा: साचा.
प्लॅस्टिकचे दाणे वितळवून तो रस मोठ्या दाबाने पोलादी साच्यात घुसवतात, थंड होताच साचा उघडतो, शिपाई बाहेर पडतात. एक शिपाई जवळजवळ फुकट पडतो. पोलादी साचा मात्र अत्यंत महाग. म्हणून साचा एकदा कोरला की त्यातून लाखो नग काढल्याशिवाय कारखानदाराचा जीव शांत होत नाही. हिरव्या शिपायांचे पवित्रे दशकानुदशके बदलत नाहीत याचे कारण बहुतांशी हे आहे. २०१९ साली अमेरिकेत एका लहान मुलीने खेळणी बनवणाऱ्यांना पत्र लिहून विचारले की हिरव्या शिपायांत बायका का नाहीत. पेनसिल्व्हेनियातील एका कंपनीने तिचे म्हणणे मानले. त्यासाठी नवी शिल्पे घडवून नवा साचा कोरावा लागला, आणि तेव्हा कोठे स्त्री-सैनिक बाजारात आल्या.

११/
साच्याचे दोन अर्धे भाग असतात आणि ते सरळ रेषेत उघडतात. त्यामुळे शिपायाच्या अंगावर आडवे-तिडवे खोलगट काही असेल तर तो साच्यात अडकेल. यावर शिल्पकाराची तोड अशी की हात, बंदूक, पाय हे सर्व शक्यतो एका प्रतलात आणायचे. तुमच्या लहानपणीचा शिपाई इस्त्री केल्यासारखा चपटा का होता, बंदूक आणि छाती यांच्यामधली फट प्लॅस्टिकने भरलेली का होती, याचे उत्तर येथे आहे. डोक्यापासून पायापर्यंत जाणारी बारीक उंचवट्याची रेघ आठवते? ती त्या दोन अर्ध्यांची सांधरेषा. बैठकीखालचे गोल वण म्हणजे शिपायाला साच्याबाहेर ढकलणाऱ्या खिळ्यांच्या खुणा. लहानपणी आम्ही त्यांना गोळीच्या जखमा समजत असू.

१२/
शिपायाच्या अंगावरचे शस्त्र हा दुसरा पुरावा. माझ्या शिपायाच्या डोक्यावर अमेरिकन एम-१ शिरस्त्राण आहे, जे १९४१ साली स्वीकारले गेले. खांद्यावरचा बझूका १९४२ चा. (या शस्त्राचे नाव बॉब बर्न्स नावाच्या एका विनोदी कलावंताने वाजवायला घेतलेल्या नळीसारख्या वाद्यावरून पडले. तोफखान्याच्या इतिहासात याहून हास्यास्पद व्युत्पत्ती मला आढळलेली नाही.) म्हणजे हा शिपाई १९४२ पूर्वीचा असू शकत नाही. पण येथेच नवशिका फसतो. ही केवळ पूर्वमर्यादा आहे. १९४२ चे शस्त्र घेतलेला शिपाई १९५५ चाही असू शकतो, १९८३ चाही, आणि परवा कारखान्यातून निघालेलाही. शिवकालीन पोशाखातले चित्र पाहून ते शिवकालीन आहे असे आपण म्हणत नाही. तोच विवेक येथेही हवा.

१३/
अमेरिकेत या व्यवसायाचा सम्राट होता लुई मार्क्स. १९५० च्या दशकात त्याच्या कंपनीने पत्र्याचा किल्ला, कुंपण, घोडे आणि शिपाई अशी अख्खी युद्धे एका खोक्यात विकायला आणली. 'फोर्ट अपाची', 'अलामो' ही नावे त्या पिढीच्या अमेरिकन मुलांना आजही हळवी करतात. दुसरीकडे चित्रकथांच्या शेवटच्या पानावर जाहिराती येत: शंभर शिपाई, किंमत एक-सव्वा डॉलर. चित्रात रणधुमाळी, घरी येई ती पुठ्ठ्याची डबी आणि आत कागदासारखे चपटे शिपाई. आज साठी-सत्तरी ओलांडलेले संग्राहक त्या फसवणुकीबद्दल चिडून बोलतात आणि तेच चपटे शिपाई दामदुप्पट किमतीला शोधतात. मनुष्यस्वभावापुढे इतिहासकाराने हात टेकावेत ते येथे.

१४/
व्हिएतनामच्या युद्धाने अमेरिकन पालकांचे मन युद्धखेळण्यांवरून उडाले, आणि १९७३ च्या तेलसंकटाने प्लॅस्टिक महाग केले. मार्क्सने आपली कंपनी १९७२ सालीच विकली होती. ती पुन्हा विकली गेली आणि १९८० च्या सुमारास कोसळली. ब्रिटनमध्ये एअरफिक्सची कथाही अशीच. निकोलस कोव्ह या हंगेरियन स्थलांतरिताने १९३९ साली काढलेली ही कंपनी. १९५९ पासून तिचे बोटाच्या पेराएवढे शिपाई लहानशा खोक्यांतून घरोघरी पोहोचले. १९८१ साली तिचे दिवाळे निघाले. मालकी बदलत बदलत २००६ मध्ये ती हॉर्नबी या आगगाडीवाल्या कंपनीकडे आली.

१५/
कंपनी बुडते, पण साचा बुडत नाही. तो पोलादाचा असतो. लिलावात विकला जातो, जहाजात चढतो, दुसऱ्या देशात उतरतो आणि दुसऱ्याच नावाने शिपाई प्रसवू लागतो. मार्क्सचे काही साचे मेक्सिकोला गेले. एअरफिक्सचे साचे इंग्लंडमधून फ्रान्समध्ये गेले आणि परत आले. अलीकडच्या काळात तर एअरफिक्सच्या कित्येक खोक्यांवर 'मेड इन इंडिया' छापलेले असते. त्यामुळे 'हा शिपाई कोणत्या कंपनीचा?' हा प्रश्न बहुधा चुकीचा ठरतो. विचारायचे ते असे: हा कोणत्या साच्याचा, आणि त्या साच्यातून केव्हा निघालेला?

१६/
'केव्हा' याचे उत्तर हातांनी मिळते. जुने पॉलिथीन प्रकाशाने आणि हवेने कडक होत जाते. साठच्या दशकातला एअरफिक्सचा लहान शिपाई बोटांनी वाकवायला जाल तर भाला किंवा घोट्यापाशी पाय मोडून हातात येतो. तेव्हा वाकवून पाहू नका. काही आरंभीचे शिपाई सेल्युलोज ॲसिटेटचे असत. ते कुजू लागले की व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो आणि अंग वाकडे होते. नव्याने ओतलेला नग मऊ व तुकतुकीत असतो, आणि झिजलेल्या साच्याच्या फटीतून निसटलेल्या प्लॅस्टिकचा पापुद्रा त्याच्या कडेला दिसतो. पॉलिथीनवर रंग धरत नाही, म्हणून साठ वर्षांच्या शिपायावरचा रंग कोठेही उडालेला नसेल तर विक्रेत्याकडे नव्हे, रंगाकडे पुन्हा एकदा पाहावे.

१७/
आता हाँगकाँग. साठच्या दशकात स्वस्त मजुरी आणि असंख्य छोटे कारखाने यांच्या बळावर हे बंदर प्लॅस्टिकच्या खेळण्यांची जागतिक खाण झाले. 'मेड इन हाँगकाँग' म्हणजे नकली, असा सरसकट समज आहे. तो बरोबर नाही. खुद्द ब्रिटन्सने आपल्या हेराल्ड शिपायांचे उत्पादन साठच्या दशकात तेथे हलवले होते. पण त्याच गल्ल्यांत कोणत्याही ब्रिटिश वा अमेरिकन शिपायाची बिनपरवाना नक्कलही होत असे, हेही तितकेच खरे. एकाच शहरात एकाच शिपायाचे औरस आणि अनौरस वंशज शेजारी-शेजारी जन्मत होते.

१८/
नक्कल ओळखायची कशी? येथे निसर्ग मदतीला येतो. तप्त प्लॅस्टिक थंड होताना आकसते, पॉलिथीन तर शेकडा दोन-तीन इतके. मूळ साचा घडवणारा कारागीर हे जाणून साच्याची पोकळी तेवढी मोठी कोरतो. नकलाकार मात्र तयार शिपायावरूनच साचा उतरवतो. परिणामी त्याचा शिपाई मूळ शिपायाहून किंचित बुटका निघतो, आणि त्या नकलेवरून दुसरी नक्कल केली तर ती आणखी बुटकी. प्रत्येक पिढीत बटणे बोथट होतात, चेहरा पुसट होतो, बोटे एकमेकांत मिसळतात. आपल्या जुन्या कागदपत्रांत 'अस्सलबरहुकूम नक्कल' असा शेरा असतो. प्लॅस्टिकमध्ये तो शेरा कोणालाही प्रामाणिकपणे मारता येत नाही.

१९/
माझ्या शिपायाकडे येण्यापूर्वी आपल्या देशातली परिस्थिती पाहू. त्या काळात परदेशी ग्राहकोपयोगी वस्तू भारतात सहजासहजी येत नसत. अशा आयातीवरचे शेवटचे संख्यात्मक निर्बंध १ एप्रिल २००१ रोजी उठले. तोवर विलायती खेळणे म्हणजे कोणाच्या तरी सामानातून आलेले, नाहीतर चोरवाटेने आलेले. या भिंतीच्या आडोशाला देशी कारखानदारांनी आपली खेळणी काढली, आणि हाती लागेल त्या परदेशी शिपायावरून साचेही उतरवले. जत्रेत, स्टेशनाबाहेर, शाळेसमोरच्या गाड्यावर मिळणारे सुटे शिपाई असे आले. त्यांच्या बैठकीवर नाव नसे, कारण ते सांगण्यात कोणाचाच फायदा नव्हता.

२०/
उलट दिशेचा प्रवासही झाला, आणि तो फारसा कोणाला माहीत नसतो. १९८७ साली एमआरएफ आणि अमेरिकन हॅस्ब्रो यांच्या भागीदारीतून फनस्कूल कंपनी स्थापन झाली. तिच्या गोव्यातील कारखान्यात हॅस्ब्रोच्या 'जी. आय. जो' मालिकेचे सांधेवाले सैनिक तयार होऊ लागले, तेही परवान्याने आणि मूळ साच्यांतून. अमेरिकेत ती बोटभर उंचीची मालिका १९९४ साली थांबली. गोव्यात जुन्या साच्यांचे काम त्यानंतरही काही वर्षे चालू राहिले. रंग मात्र इकडचे वेगळे, कधी कधी चक्रावून टाकणारे. आज अमेरिकेतील प्रौढ संग्राहक हे गोव्याचे सैनिक मुद्दाम शोधतात. आपण बालपणी ज्या देशाच्या शिपायांकडे डोळे लावून बसलो होतो, त्या देशातली माणसे आपल्या शिपायांच्या शोधात आहेत.

२१/
आता पुराव्याचे टेबल मांडतो. त्यावर तीन बझूकावाले.
पहिला पुण्यातील एका संग्राहकाने पाहायला दिलेला, अमेरिकन, बैठकीखाली कारखान्याचे चिन्ह असलेला. (नाव मुद्दाम देत नाही, कारण या पवित्र्यावर एकाहून अधिक कंपन्यांचे चाहते हक्क सांगतात आणि मला या धाग्याखाली युद्ध नको आहे.) उंची ५४ मिलिमीटर.
दुसरा मुंबईच्या चोरबाजारात एका डब्यातल्या बटणांच्या आणि किल्ल्यांच्या ढिगात सापडलेला. बैठकीखाली 'हाँगकाँग'. उंची साडेबावन्न.
तिसरा डालड्याच्या डब्यातला. बैठक कोरी. उंची ५१.

२२/
तिघांचा पवित्रा एक. पण दुसऱ्याच्या बैठकीच्या पुढल्या कडेला नखाएवढा टवका आहे. पहिल्याला तो नाही. सुरुवातीला मी तो अपघात समजलो. मग भिंगाखाली पाहिले तर टवक्याच्या कडा गोलसर, गुळगुळीत होत्या. मोडलेले प्लॅस्टिक असे दिसत नाही. ते ओतलेले होते. नकलाकाराच्या हाती जो अमेरिकन शिपाई लागला त्याची बैठक आधीच टवकलेली असावी. कोण्या मुलाने चावली असेल. साच्याने तो दातही इमानाने टिपून घेतला आणि त्या साच्यातून निघालेल्या प्रत्येक शिपायाला तो टवका जन्मजात मिळाला.

२३/
आणि मग माझा शिपाई उचलला. त्याची टवकलेली कड मी चाळीस वर्षे आमच्या अंगणातल्या फरशीच्या माथी मारली होती. भिंगाखाली तीही गोलसर निघाली. जागा तीच, आकार तोच, फक्त अधिक उथळ. बैठकीच्या तळाशी अंधाऱ्या खोलीत तिरपा उजेड टाकला, झिजलेले शिलालेख वाचताना टाकतात तसा. तेथे अक्षरे नव्हती. पण एक लांबट पट्टी बाकीच्या पृष्ठभागाहून किंचित फुगीर दिसली. 'हाँगकाँग' असते नेमक्या त्या जागी. कोणीतरी अक्षरे भरून, घासून काढली होती.

२४/
पाठचिकित्सेच्या अभ्यासकांना ही रीत नवी नाही. पुण्यात १९१७ साली स्थापन झालेल्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे काम हाती घेतले. बाराशेहून अधिक हस्तलिखिते जमवून, पाठ ताडून ते पुरे झाले १९६६ साली. (होय, शिशाच्या शिपायांचे शेवटचे वर्ष. योगायोगच, पण मला आवडलेला.) पोथ्यांची वंशावळ लावताना एक जुना नियम उपयोगी पडतो. दोन पोथ्यांत अचूक मजकूर सारखा असेल तर त्यावरून नाते सिद्ध होत नाही, कारण दोघींनी तो मुळातूनच घेतला असेल. दोघींत तीच विशिष्ट चूक असेल, तर मात्र एक दुसरीवरून उतरली किंवा दोघींची आई एक. लेखनिकाच्या डुलकीचा उपयोग शतकांनंतर असा होतो.

२५/
नियम लावला की निकाल स्वच्छ आहे. माझा शिपाई अमेरिकन शिपायाचा पुत्र नव्हे, नातू आहे, आणि मधली पिढी हाँगकाँगची. तो अमेरिकेसाठी बनलेलाही नव्हता. १८९० च्या कायद्यापासून अमेरिकेत जाणाऱ्या मालावर उगमदेशाचे नाव लागते, आणि येथे तर असलेले नाव पुसले आहे. तुटलेल्या अंगठ्याच्या जागी प्लॅस्टिकच्या आत निळ्या-तांबड्या शिरा दिसतात. जुन्या बादल्या, मग, चपला वितळवून केलेल्या मालात त्या दिसतात. विलायतेच्या नामांकित कंपनीने असा माल वापरला नसता. मुंबईच्या एखाद्या गाळ्यातल्या हातयंत्रावर तो सहज चालला असता.

२६/
खरे सांगतो, हा निष्कर्ष लिहून काढल्यावर मी वही बंद केली आणि आठवडाभर उघडली नाही. मामाच्या हातचे म्हणून एवढेच उरले होते, आणि मीच त्याला खोटे पाडले होते. संशोधनाच्या गप्पा आपण शिवकाळाबद्दल, पेशवाईबद्दल मारतो. तेथे कोणाची तरी आजी-आजोबांपासून चालत आलेली कथा मोडली की ते कसे रागावतात याचे आपल्याला हसू येते. ते हसू त्या आठवड्यात मला आले नाही.

२७/
शोधाची दिशा मात्र बदलली. अमेरिकन संग्राहकांच्या याद्या चाळणे थांबवले, कारण तेथे मिळाले असते ते माझ्या शिपायाचे आजोबा. त्याऐवजी ज्यांच्या दुकानात माळ्यावर जुना माल पडून आहे असे तालुक्याच्या गावचे कटलरीवाले गाठले. कराडजवळच्या एका दुकानात धुळीने माखलेली प्लॅस्टिकची पिशवी निघाली. आत भूसुरुंग शोधणारा शिपाई, कोऱ्या बैठकीचा, तळाशी तीच फुगीर पट्टी. दुकानदार पैसे घेईना. 'तुमच्या वयाचे लोक येतात अधूनमधून', एवढेच म्हणाला. पाचांपैकी दोन झाले.

२८/
गेल्या दिवाळीत ते दोघे आईपुढे ठेवले आणि सारे सांगितले. साचा, टवका, हाँगकाँग, पुसलेली अक्षरे. मामाची अमेरिका खोटी होती हे सांगायला जीभ रेटत नव्हती, तरी सांगितले. आई चकल्या पाडत होती. तिने मानही वर केली नाही.
"अरे, तो बोटीवरून उतरला की आधी क्रॉफर्ड मार्केटात जायचा. तुम्हा पोरांना काही ना काही घ्यायचा आणि मग रात्रीची एसटी पकडायचा. मला ठाऊक होतं की."
"मग तो 'लांबून आणलेत' का म्हणायचा?"
"मुंबई काय जवळ होती का साताऱ्याहून?"